मिडसाइज एसयूव्ही घेताय? शोरूमला जाताना मोजपट्टी न्या, आणि आईलाही

पाच मीटरची मोजपट्टी घ्या आणि आधी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरा. दोन खांबांमधलं अंतर मोजा. आमच्याकडे ते २४० सेंटीमीटर भरलं. क्रेटाची रुंदी १७९ सेंटीमीटर, तीही आरसे सोडून. राहिले ६१. गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना तीस-तीस, म्हणजे पोट आत ओढून दारातून निसटायचं. डाव्या खांबाला चिकटवून लावली तर ड्रायव्हरच्या बाजूला पन्नासेक मिळतात आणि एक माणूस नीट बाहेर पडतो. बाकीच्यांना गेटवरच उतरवायचं. माझ्या मावसभावाने हे मोजमाप टोकन दिल्यानंतर केलं. तो आता गाडी रस्त्यावर लावतो आणि रोज सकाळी कावळ्यांची कामगिरी पुसतो.

मी मेकॅनिक नाही, गाड्यांचे रिव्ह्यू करणाराही नाही. पण नात्यात कुणाला गाडी घ्यायची असली की "तू चल रे जरा" म्हणून फोन येतो आणि माझा रविवार शोरूमच्या फुकटच्या कॉफीवर जातो. या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. लोक एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करत बसतात, फीचरच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवतात आणि शेवटी जास्त गोंधळतात. प्रत्येक गाडी ताडून बघायची ती आपल्या घराशी. मग यादी आपोआप लहान होते.

१. आधी घराचं एक पान लिहा

वहीचं एकच पान पुरे. रोज गाडीत कोण बसणार? चालवणार कोण, आणि त्यांची उंची किती? गाडी वर्षाला किती किलोमीटर पळणार? हा आकडा मनाने धरू नका. जुनी गाडी असेल तर सर्व्हिसची दोन बिलं काढा, दोन्हींवरचं रीडिंग आणि तारखा बघा, हिशेब होतो. "आमचं रनिंग खूप आहे" म्हणणाऱ्या एका काकांचं वर्षाचं रनिंग या पद्धतीने साडेसहा हजार निघालं होतं आणि ते डिझेल घ्यायला निघाले होते.

शेवटचा प्रश्न जास्त कामाचा: वर्षातले गाडीसाठी सगळ्यात अवघड दोन दिवस कोणते? आमच्याकडे उत्तर सोपं होतं. गणपतीला पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात जाणं. पाच माणसं, तीन मोठ्या बॅगा, मखराचं सामान, आणि परत येताना नारळ आणि तांदूळ. पण याच दोन दिवसांसाठी सात सीटर घेऊ नका. तिसरी रांग वापरात असली की डिकी उरत नाही, आणि उरलेलं वर्ष रिकाम्या सीटचं वजन ओढत फिरावं लागतं. घरात रोज सहा माणसं बसणार असतील तर गोष्ट वेगळी.

२. नावं नऊ, गाड्या निम्म्या

भारतात मिडसाइज म्हटलं की साधारण ४.२ ते ४.५ मीटर लांबीच्या गाड्या. ह्युंदाई क्रेटा, किया सेल्टोस, मारुती ग्रँड विटारा आणि व्हिक्टोरिस, टोयोटा हायरायडर, होंडा एलिव्हेट, स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन, टाटाची कर्व्ह. यादी बघून घाबरू नका, यातल्या बऱ्याच जणी सख्ख्या बहिणी आहेत. ग्रँड विटारा आणि हायरायडर ही मुळात एकच गाडी, चेहरे दोन. कुशाक आणि टायगुन यांचा सांगाडा आणि इंजिनं एकच, दोघी चाकणच्या कारखान्यातून येतात. क्रेटा आणि सेल्टोस एकाच समूहाच्या, इंजिनं सामाईक. म्हणजे बहिणींमधली निवड शेवटी करायची: कोणाचं सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे, कोणाचं कोटेशन कमी आहे, कोणाची डिलिव्हरी लवकर आहे, एवढ्यावर. हॅरियर, स्कॉर्पिओ-एन वगैरे वरच्या रांगेतल्या; त्या यादीत घुसल्या की बजेट दर रविवारी लाखभराने वाढतं.

इथे ४ मीटरची रेघ समजून घ्या, कारण ती कराची रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या (पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत) गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापुढच्या सगळ्यांवर ४० टक्के. दोन्ही अटी पाळाव्या लागतात. १४६२ सीसी पेट्रोल इंजिनाची ब्रेझा ४ मीटरच्या आत असूनही म्हणूनच ४० टक्क्यांत बसते. त्यामुळे घरात चारच माणसं असतील आणि डिकीची फार गरज नसेल, तर ४ मीटरच्या आतली एखादी गाडीही त्याच दिवशी चालवून बघा. मिडसाइजमध्ये तुम्ही जागेसाठी जास्त पैसे मोजताय आणि कराचा मोठा वाटाही भरताय. ती जागा खरंच लागणार आहे का, हे पानावर लिहिलेलं असेलच.

मापांचं बोलायचं तर लांबीपेक्षा व्हीलबेस बघा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. माणसं बसतात ती साधारण त्याच जागेत. क्रेटा ४३३ सेंटीमीटर लांब आणि व्हीलबेस २६१; कुशाक तिच्यापेक्षा दहा सेंटीमीटरने आखूड, पण व्हीलबेस २६५. म्हणून कुशाकमध्ये मागे गुडघ्यांना जागा बरी मिळते. पण तिची रुंदी १७६, त्यामुळे मागे तीन मोठी माणसं बसली की मधल्याचे हाल. एलिव्हेटचा व्हीलबेस २६५ आणि रुंदी १७९.

जमिनीपासूनच्या उंचीत एलिव्हेट पुढे, २२० मिलिमीटर. ग्रँड विटारा २१०, क्रेटा १९०, कुशाक १८८. गावाकडे शेतरस्त्याने जायचं असेल तर याला वजन द्या. मात्र आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे विचारून घ्या. कंपन्यांची मोजायची रीत एकच नसते.

३. पेट्रोल, डिझेल, हायब्रिड: कागदावर एकदा मांडा

सेल्समनला "डिझेल परवडेल का?" असं विचारू नका. त्याच्याकडे जी गाडी लवकर मिळते ती परवडते. गणित स्वतः करा, दहा मिनिटांचं आहे.

समजा पेट्रोल गाडी १५ लाखांची आणि तेच मॉडेल डिझेलमध्ये १६.५ लाखांचं. वरवर फरक दीड लाखाचा. पण महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के. म्हणजे पेट्रोलला १ लाख ८० हजार, डिझेलला २ लाख ३१ हजार. खरा फरक झाला २ लाख १ हजार. आता इंधन. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी १२ चा ॲव्हरेज देते असं धरा. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १६. वर्षाला १२ हजार किलोमीटर पळवली तर पेट्रोलचे १ लाख ४ हजार, डिझेलचे ६७ हजार ५००. वाचले ३६ हजार ५००. दोन लाख वसूल व्हायला साडेपाच वर्षं. रनिंग वर्षाला २० हजार असेल तर तेच सव्वातीन वर्षांत. तुमच्या शहराचे दर आणि तुमचं रनिंग घालून हे पुन्हा करा.

पैशापलीकडेही डिझेलची एक अट असते. बीएस-६ (धुराचे कडक नियम) नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, लोक त्याला डीपीएफ म्हणतात. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ बऱ्या वेगाने, तापलेल्या इंजिनाने चालावी लागते. रोज तीन किलोमीटरवरची शाळा आणि मंडई, एवढंच रनिंग असेल तर तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो. अशा घरात डिझेल नकोच. सातारा-कोल्हापूर-सोलापूर अशी दर आठवड्याला लांबची फेरी असेल तर मात्र डिझेलसारखं सुख नाही. क्रेटाच्या साध्या दीड लिटर पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १४४ न्यूटन मीटर, डिझेलचा २५०. खंबाटकी चढताना पाच माणसं आणि एसी सुरू असताना हा फरक आकड्यात नाही, पायाखाली कळतो. टर्बो पेट्रोलही तेवढाच जोर देतं (क्रेटात २५३, कुशाकच्या दीड लिटरमध्ये २५०), पण पाय जड असेल तर पेट्रोलही तसंच पितं.

स्ट्राँग हायब्रिडची, म्हणजे ग्रँड विटारा, हायरायडर आणि व्हिक्टोरिस यांची, खरी कमाई शहरातल्या कोंडीत. गाडी रांगत असते तेव्हा इंजिन बंद आणि मोटर चालू. ब्रेक दाबला की बॅटरी थोडी भरते. हायवेला शंभरच्या वेगाने सरळ पळताना यातलं काहीच फारसं घडत नाही, म्हणून फरक कमी होतो. आणि बॅटरी डिकीतली जागा खाते: ग्रँड विटाराच्या साध्या पेट्रोलमध्ये ३७३ लिटरची डिकी, हायब्रिडमध्ये २६५. गणपतीच्या तीन बॅगांतली एक मांडीवर आली म्हणून समजा. सीएनजीच्या टाकीचंही हेच दुखणं. व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या पोटाखाली दिली आहे, त्यामुळे डिकी सुटली.

ब्रोशरमधल्या मायलेजबद्दल एक गोष्ट. ते आकडे ज्या एआरएआयच्या नावाने ओळखले जातात ती संस्था आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. चाचणी रोलरवर होते, एसी बंद असतो, आणि वेगाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. तिथे कात्रजचा चौक नसतो. ग्रँड विटारा हायब्रिडचा २७.९७ हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्यासाठी नाही; दोन गाड्या एकाच कसोटीवर तोलण्यासाठी आहे. तुमच्या सोसायटीत तीच गाडी कुणाकडे असेल तर लिफ्टमध्ये गाठून विचारा. गाडीवाले ॲव्हरेज सांगायला कधी नाही म्हणत नाहीत, फक्त एक-दोन वाढवून सांगतात.

इलेक्ट्रिकचा विचार असेल तर या सगळ्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात रोड टॅक्सची सूट, हे आकर्षक आहेच. पण आपल्या पार्किंगपर्यंत आपल्या मीटरची वायर येणार नसेल तर पुढचं बोलणं व्यर्थ.

४. मॉडेल नाही, व्हेरिएंट घेतोय आपण

जाहिरातीत दिसते ती टॉप मॉडेलची गाडी आणि "अमुक लाखांपासून पुढे" हा आकडा असतो बेसचा. आपण घेणार मधलं काहीतरी. दोन कंपन्यांचे मधले व्हेरिएंट कधीच सारखे नसतात. एक सनरूफ देऊन मागचा वायपर काढून घेते, दुसरी उलट. म्हणून आधी बजेट पक्कं करा, तेही ऑन-रोड, म्हणजे कर आणि विमा धरून. मग प्रत्येक गाडीचा त्या पैशात बसणारा एकच व्हेरिएंट निवडा आणि फक्त त्यांची तुलना करा. शोरूममध्ये डेमोला बहुतेक टॉप मॉडेल असतं, त्यामुळे "आमच्या व्हेरिएंटमध्ये यातलं काय नसेल?" हे विचारून, गाडीत बसल्या बसल्या लिहून घ्या.

माझा कल सांगतो, पटला तर घ्या. सनरूफसाठी पैसे वाढवू नका. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ती झाकूनच ठेवावी लागते, आणि मुलं त्यातून डोकं बाहेर काढतात ते वेगळंच. मागचे एसी व्हेंट, मागचा वायपर, ड्रायव्हर सीटची उंची वरखाली होणं, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा, ही खरी कामाची. हवेशीर सीट चैन आहे, पण उन्हाळ्यात पाठीला कळते. चाकं १८ इंची घेऊन मिरवण्यापेक्षा १६-१७ इंची बरी. टायर बदलताना स्वस्त पडतात आणि खड्ड्यात रिम वाचते. स्टेपनी किती मापाची आहे तेही उघडून बघा. काही गाड्यांत ती इतर चाकांपेक्षा लहान असते, काहींत फक्त पंक्चरचा किट.

गिअरबॉक्सचं एका ओळीत: ऑटोमॅटिकमध्ये शहरातल्या कोंडीसाठी सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर निवांत, दोन क्लचची डीसीटी चपळ आहे, पण चढावर तासभर इंचाइंचाने सरकायची वेळ रोज येत असेल तर तिच्या क्लचला ताप होतो. आणि मॅन्युअल अजूनही सगळ्यात स्वस्त, दुरुस्तीलाही.

५. तारे मोजताना

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणारी आपल्याकडची चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आपटतात, बाजूनेही धडक देतात. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण, आणि दोन्हींचे तारे वेगळे. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आधी वाचा, जाहिरातीत तो बहुधा बारीक अक्षरात असतो.

निकाल कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या गाडीचा, हे तपासा. कुशाक आणि टायगुनला ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये (अशीच परदेशी चाचणी) ५ तारे मिळाले. कर्व्ह आणि व्हिक्टोरिसला भारत एनकॅपमध्ये ५. क्रेटाला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने ३ तारे दिले, पण ती आधीची, दोन एअरबॅगची गाडी होती, आणि चाचणीचे नियमही तेव्हा जुने होते. तो निकाल २०२४ च्या क्रेटाला चिकटवणं बरोबर नाही, आणि सहा एअरबॅग आल्या म्हणून पाच तारे धरून चालणंही बरोबर नाही. एअरबॅग मोजणं सोपं असतं, म्हणून सेल्समन त्याच मोजून दाखवतो. सांगाडा धडकेनंतर टिकला की नाही, हे अहवालात लिहिलेलं असतं. तेवढी ओळ शोधून वाचा.

शोरूममध्ये मागच्या सीटच्या मधल्या माणसाला तीन जागी अडकणारा पट्टा आणि डोक्याला आधार आहे का, ते हात लावून बघा. तिथे आजी किंवा धाकटं पोर बसणार असतं. मुलांच्या सीटसाठीचे आयसोफिक्सचे हुक बोटांनी चाचपून बघा. काही गाड्यांत ते इतके आत रुतलेले असतात की सीट बसवताना घाम फुटतो. ॲडास (पुढचा धोका ओळखून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा) असेल तर टेस्ट ड्राइव्हला चालू करूनच चालवा. आपल्याकडे दुचाकी कट मारून पुढे येते, गाडी बिचकून ब्रेक लावते आणि मागचा टेम्पो हॉर्न मारत राहतो. ते बंद कसं करायचं आणि दर वेळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा चालू होतं का, एवढं विचारा.

६. शोरूमला वरात न्या

एकटे जाऊ नका. पानावर ज्यांची नावं लिहिलीत ती सगळी माणसं न्या, शक्य तर एकाच दिवशी दोन-तीन शोरूम करा, म्हणजे अंगाला फरक लक्षात राहतो.

आमच्या गाडीचा निकाल खरं म्हणजे आईच्या गुडघ्याने लावला. आई जेमतेम पाच फूट उंच, साडी नेसते, उजवा गुडघा दुखरा. पहिल्या शोरूममध्ये ती मागच्या दारापाशी गेली, वरच्या हँडलला हात पुरेना, म्हणून दाराला धरून चढली आणि दार हलल्यावर दचकली. सेल्समन म्हणाला, "साइड स्टेप लावून देऊ, मावशी." दुसऱ्या शोरूममध्ये मी काही बोललोच नाही, फक्त बघत उभा राहिलो. तिने आधी सीटवर टेकून मग पाय आत घेतले, हात कुठेच धरला नाही. सीटची उंची तिच्या कमरेशी जुळली होती, बस्स. कुठल्याही ब्रोशरमध्ये हे माप नसतं. उतरताना तिने पदर उचलून दाराखालची पट्टी बघितली आणि विचारलं, "पावसात इथला चिखल साडीला लागेल ना रे?" मी वाकून बघितलं. या गाडीचं दार पट्टीवरून खाली येत होतं, म्हणजे दार उघडलं की पट्टी कोरडी. आधीच्या गाडीची उघडी होती. गाड्यांचा एवढा नाद असून हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग डिकी. लिटरचे आकडे (एलिव्हेट ४५८, क्रेटा ४३३, कुशाक ३८५) फसवत नाहीत, पण आकार सांगत नाहीत. घरातल्या दोन सगळ्यात मोठ्या बॅगा सोबत न्या आणि ठेवून बघा. सेल्समन हसला तर हसू दे. डिकीचा उंबरठा किती उंच आहे तेही कळतं. तांदळाचं पोतं तिथवर उचलायचं आहे.

मागे तीन मोठी माणसं बसवून पाच मिनिटं तशीच गप्पा मारू द्या. कोण कोणाच्या खांद्यावर चढतं ते बघा. पुढे जो रोज चालवणार त्याच्या मापाने ड्रायव्हर सीट लावा आणि मग मागे बसा. डेमो गाडीत ती सीट बहुधा मुद्दाम पुढे ओढलेली असते.

७. टेस्ट ड्राइव्ह त्यांच्या नाही, आपल्या रस्त्यावर

सेल्समन नेतो तो रस्ता गुळगुळीत, सरळ आणि दोन किलोमीटरचा. आधीच फोनवर सांगा: घरापर्यंत येऊ, आमच्या गल्लीतून नेऊ, आणि तासभर तरी हवी. पुण्यात जुना कात्रज घाट जवळ, नाशिककरांना कसारा, कोल्हापूरकरांना गगनबावड्याचा रस्ता. तेवढं लांब जमलं नाही तर एखाद्या उड्डाणपुलाचा चढ, बेसमेंट पार्किंगचा रॅम्प. पाच माणसं बसवा, एसी पूर्ण सुरू ठेवा, चढाच्या मध्यावर थांबा आणि पुन्हा निघा. गाडी मागे सरकते का, इंजिन ओरडतं का, एसी मंदावतो का.

सस्पेन्शन पारखायची आमच्या बाबांची रीत मला आवडते. ते मागे बसतात आणि खराब रस्त्यावर मोबाइलवरचा मेसेज वाचायचा प्रयत्न करतात. वाचता आला तर गाडी पास. ड्रायव्हरला खड्डा कमी कळतो, मागच्या सीटवरच्याला पूर्ण. म्हणून अर्धी टेस्ट ड्राइव्ह तुम्ही मागे बसून करा आणि बायकोला किंवा भावाला चालवू द्या. वेगात लांबचा प्रवास करणार असाल तर कडक सस्पेन्शनची गाडी ऐंशीच्या पुढे स्थिर वाटते, हळू चालताना तीच आदळते. दोन्ही सुखं एका गाडीत पुरेपूर मिळणं या किमतीत अवघड आहे, तेव्हा तुमचे रस्ते कोणते यावर ठरवा.

एक फेरी संध्याकाळी अंधार पडल्यावर करा. दिव्यांचा उजेड किती रुंद पडतो, ते दिवसा कोणी सांगू शकत नाही. उजव्या वळणावर समोरच्या काचेशेजारचा खांब पादचाऱ्याला झाकतो का बघा. आणि हो, तुमच्या पार्किंगमध्ये ती गाडी एकदा लावून, दार उघडून बाहेर पडून बघा. मोजपट्टीने सांगितलं होतंच, तरी.

८. कोटेशन ओळीने वाचा

तीन शोरूमची कोटेशन लेखी घ्या, त्याच व्हेरिएंटची, त्याच रंगाची. ऑन-रोड किमतीत एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग येतात. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेता आधीच गोळा करतो तो इन्कम टॅक्स) लागतो, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. याखेरीज जे काही असेल त्यावर बोट ठेवा. आम्हाला एकदा "लॉजिस्टिक ८,५००" अशी ओळ दिसली. "हे काय?" विचारल्यावर तो मुलगा दोन सेकंद थांबला, खिशातलं पेन काढलं आणि ओळ खोडून टाकली. वाद नाही, काही नाही. न विचारणाऱ्यांनी तेवढे भरलेले असतात. "एसेन्शियल किट" मध्ये मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर असतं. बाहेर घेतलं तर बरंच स्वस्त मिळतं.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेले दर बघा: १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांचे १०,६४०, पण १५०० च्या वर गेलं की थेट २४,५९६. या गाड्यांची दीड लिटरची इंजिनं १५०० च्या जरा आतच का असतात, त्याचं एक कारण तुम्हाला इथे सापडेल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचं कोटेशन मात्र ऑनलाइन काढून शोरूमच्या शेजारी ठेवा. तेवढ्यावरच ते बरेचदा खाली येतात. झीरो डेप (पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर) घ्याच. आणि मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल किंवा नदीकाठी राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलं आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

कर्जाचा हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत लांबवू नका. १२ लाख रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिना साधारण २४,९०० आणि एकूण व्याज २ लाख ९५ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १९,३०० होतो, पण व्याज ४ लाख २२ हजार. वरचे सव्वा लाख गेले. पाच वर्षांचा हप्ता जड वाटत असेल, तर एक व्हेरिएंट खाली उतरा.

९. पैसे पूर्ण भरण्याआधी यार्डात जा

गाडी पासिंगला जायच्या आधी बघायची, हे बुकिंगच्याच वेळी सांगून ठेवा. एकदा तुमच्या नावावर नोंदली की खरचटलेला दरवाजाही तुमचाच. दिवसाउजेडी जा. चारही दारांचा आणि बॉनेटचा रंग तिरप्या नजरेने बघा, काचा, दिवे, सगळी बटणं, दोन्ही किल्ल्या, स्टेपनी, जॅक. मीटरवर पन्नासपेक्षा बरेच जास्त किलोमीटर असतील तर का, ते विचारा.

टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर जवळपासच्या आठवड्यांचे असले पाहिजेत. गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही कागदावर बघा. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावं लागतं. जानेवारीत गाडी घेतली आणि ती आदल्या ऑक्टोबरची निघाली, तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. तेवढी सूट आताच मागा, नाहीतर दुसरी गाडी.

दसरा-पाडव्याला यार्डात जत्रा असते, कोणालाच वेळ नसतो. म्हणून ही तपासणी तीन-चार दिवस आधी उरका. मुहूर्त डिलिव्हरीला पाळा, तपासणीला नको. तपासलेल्या गाडीच्या चासी नंबरचा फोटो काढून ठेवा. शोरूमच्या दारात हार घालून, लाल कापडाखाली जी गाडी उभी करतील तिचा नंबर त्या फोटोशी जुळवा, आणि मग नारळ फोडा.